अमेरिकेत दुकानदाराला धर्माचं कारण सांगून गिऱ्हाइकाला नकार देता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की समलिंगी लग्नाचा केक नाकारणारा केकवाला जिंकला, तशा लग्नाची वेबसाइट करणार नाही म्हणणारी वेबसाइटवाली जिंकली, मग आता अमेरिकेत श्रद्धेचं नाव घेतलं की कुणालाही दुकानातून परत पाठवता येतं का, आणि तसं असेल तर भेदभावविरोधी कायदा ठेवायचा कशाला. उत्तर: नाही, परत पाठवता येत नाही. धर्म आडवा आला म्हणून दुकानदाराला या कायद्यातून सूट मिळते, असं त्या दोन्ही निकालांत कुठेही म्हटलेलं नाही. बातम्या वाचून मात्र तसाच समज होतो.

हा युक्तिवाद नवाही नाही. 1964च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, रेस्टॉरंटं, नाट्यगृहं अशा ठिकाणी वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश बघून भेदभाव करायला बंदी घातली. दक्षिण कॅरोलायनात बार्बेक्यूची रेस्टॉरंटं चालवणाऱ्या एका मालकाने तेव्हा सांगितलं की वंशांची सरमिसळ ईश्वराच्या इच्छेविरुद्ध आहे, त्यामुळे हा कायदा माझ्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. 1968 साली ‘न्यूमन विरुद्ध पिगी पार्क’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने या बचावाला फक्त एका तळटीपेत जागा दिली आणि तिथेही तो उघडउघड पोकळ ठरवला. आज त्या मालकाची बाजू घ्यायला कुणी पुढे येणार नाही, पण त्याची श्रद्धा खोटी होती असं कोर्टाने म्हटलं नव्हतं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. श्रद्धा प्रामाणिक आहे एवढ्यावर सूट द्यायची म्हटली, तर त्यालाही द्यावी लागली असती.

पुढे 1990च्या ‘स्मिथ’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने नियमच घालून दिला: कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि एखाद्या धर्माला लक्ष्य करणारा नसेल, तर तो श्रद्धेच्या आड आला तरी पाळावा लागतो. यावर संसदेने 1993 साली धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा केला, पण 1997च्या निकालानंतर तो राज्यांच्या कायद्यांना लागू होत नाही. केक-फुलं-फोटोवाल्यांचे बहुतेक खटले राज्यांच्याच कायद्यांखाली चालतात. (काही राज्यांनी नंतर आपापले तसे कायदे केले, तो गुंता इथे सोडून देतो.)

आता केकवाला. कोलोरॅडोतल्या या बेकरीवाल्याने 2012 साली एका समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक करून द्यायला नकार दिला. 2018 साली ‘मास्टरपीस केकशॉप’ खटला तो 7 विरुद्ध 2 मतांनी जिंकला. का जिंकला? तक्रार ऐकणाऱ्या राज्याच्या नागरी हक्क आयोगाने सुनावणीत त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेने बोलून निःपक्षपणा सोडला, म्हणून. आयोग नीट वागला असता तर काय झालं असतं, हा मुख्य प्रश्न कोर्टाने बाजूला ठेवला. उलट, व्यवसायाचे मालक धार्मिक आक्षेपाच्या आधारावर अशा कायद्यांतून सहसा सुटू शकत नाहीत, असं निकालपत्रात स्पष्ट म्हटलं आहे.

वेबसाइटवालीचा खटला वेगळा. ‘303 क्रिएटिव्ह’चा 2023 सालचा निकाल 6 विरुद्ध 3 असा लागला, तो धर्मावर नाही तर भाषणस्वातंत्र्यावर. तिला समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायच्या नव्हत्या. तिने लग्नाच्या वेबसाइट करायला अजून सुरुवातही केली नव्हती, कायदा आपल्याला लागू होईल या भीतीने आधीच कोर्टात गेली होती. जो मजकूर पटत नाही तो लिहायला सरकार भाग पाडू शकत नाही, असं बहुमताने म्हटलं. म्हणजे कट्टर नास्तिक डिझायनरलाही हे संरक्षण तितकंच मिळतं. धर्म इथे नुसता नकाराचा हेतू होता, कायद्याचा आधार नव्हता.

म्हणून ‘धर्म विरुद्ध समता’ ही मांडणी मला दिशाभूल करणारी वाटते. भांडण खरं तर असं आहे की दुकानदार नाही म्हणतो ते माणसाला की मजकुराला? हे सर्वांत स्वच्छ मांडलं ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने, 2018च्याच ‘अ‍ॅशर्स’ निकालात. बेलफास्टच्या बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ केकवर लिहायला नकार दिला होता. कोर्टाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण तीच ओळ कुणीही मागितली असती तरी तिने नकारच दिला असता. पण याच कोर्टाने 2013 साली कॉर्नवॉलमधल्या ख्रिस्ती हॉटेलमालकांना हरवलं होतं. त्यांनी नागरी भागीदारीतल्या (म्हणजे लग्नासारखं कायदेशीर नातं असलेल्या) दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली होती. खोलीवर काही लिहिलेलं नसतं.

याच कसोटीवर कोलोरॅडोचा केकवाला मला कच्चा वाटतो. केकवर काय हवं याची चर्चा होण्याआधीच त्याने नाही म्हटलं होतं, म्हणजे नकार मजकुराला कसा असेल? वेबसाइटच्या बाबतीत माझं मन एवढं पक्कं नाही. नावं, तारीख आणि आमंत्रण एवढंच असलेलं पान हे डिझायनरचं मत कसं, असं मला वाटतं. पण प्रत्येक जोडप्याची गोष्ट ती स्वतःच्या शब्दांत लिहिणार असेल तर तिला भाग पाडणं मलाही खटकतं.

आणि हो, अमेरिकेतल्या भेदभावविरोधी कायद्यात धर्म हाही संरक्षित आधार आहे. तुम्ही अमुक धर्माचे म्हणून केक देत नाही, असंही दुकानदाराला म्हणता येत नाही. ही बाजू चर्चेत क्वचित येते.

‘303 क्रिएटिव्ह’नंतर प्रत्येक धंदा आता स्वतःला कलाकार म्हणवून सुटेल, अशी भीती होती. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2025 साली तरी तसं होऊ दिलं नाही. तिथल्या बेकरीने समलिंगी लग्नासाठी साधा पांढरा केक नाकारला होता, ठरलेल्या नमुन्याचा, वर एकही अक्षर नसलेला. तो विकणं म्हणजे भाषण नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं आणि बेकरी हरली.