हॉटेल शहराच्या अगदी मध्यभागी, फोटो छान, तरी मुक्काम वाईट झाला. निघाल्यानंतर तक्रार करून काही उपयोग होतो का?

फारसा नाही. माझे हात यात पोळलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कामासाठी तीन रात्री राहायचं होतं. हॉटेल निवडलं ते एकाच कारणासाठी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ते मात्र शंभर टक्के खरं निघालं. बैठकीची जागा जवळ, स्टेशन जवळ आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालणारा एक बार तर थेट माझ्या खिडकीखाली.

फोटोतली खोली तीच होती, खोटं काही नव्हतं. फक्त तो फोटो दारातल्या कोपऱ्यातून वाइड अँगल लेन्सने काढलेला. प्रत्यक्षात जमिनीवर बॅग उघडली की बाथरूमला पलंगावरून चढून जावं लागे. बाथरूमला गटाराचा वास. (हा वास दर वेळी घाणीचा नसतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी वास अडवून धरतं, आणि खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते आटतं. जाळीत दोन मग पाणी ओतायचं. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, खोली आवरायला आलेल्या बाईंकडून.)

पण खरा त्रास आवाजाचा. बार बंद झाला की सुटलो असं वाटायचं, तेवढ्यात रिकाम्या बाटल्या डब्यात ओतल्या जायच्या. मग पहाटे कचऱ्याची गाडी. तिच्यामागून दुकानांचा माल घेऊन येणारे ट्रक, रिव्हर्सचं पीं-पीं करत. झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मधूनच होणारा मोठा आवाज ४५ च्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. माझ्या फोनमधलं ॲप काही फार अचूक नसेल, पण खिडकी बंद असतानाही त्यातला आकडा साठच्या खाली उतरेना.

आता माझी चूक. पहिल्या रात्री झोप लागली नाही तेव्हा ‘नवी जागा आहे, होतं असं’ म्हणून सोडून दिलं. यात तथ्य नाही असं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात, अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो असं दिसलं होतं. दुसऱ्या रात्री मात्र हे कारण चालणार नव्हतं. तरी भीड पडली. खोली सोडताना काउंटरवर सगळं भडाभडा बोललो. मॅनेजर शांतपणे म्हणाले, “अहो, पहिल्याच दिवशी सांगायचं ना, मागच्या बाजूच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या.”

पैशांबद्दल विचारलं तर म्हणे बुकिंग वेबसाइटवरून झालंय, त्यांच्याशी बोला. वेबसाइटवाले म्हणे हॉटेलची संमती लागेल. अशी टोलवाटोलवी दोन आठवडे चालली.

तुम्ही अजून एक करून बघा. तारखा, खोलीचा नंबर आणि फोटो घालून दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं थोडं अवघड जातं. मागणी नेमकी ठेवा, ‘एका रात्रीचं भाडं परत हवं’ अशी. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते, पण कबूल केलेलं दिलंच नाही हे दाखवावं लागतं. पलंग दोन सांगून एकच दिला तर ठीक, गोंगाटावर असं काही सिद्ध करणं कठीण.

मी हल्ली खोलीत शिरल्यावर बॅग उघडतच नाही. खिडकी लावून, पंखा-एसी बंद करून पाच मिनिटं नुसता उभा राहतो. लिफ्टची घरघर, भिंतीपलीकडचा टीव्ही, खालचा रस्ता, सगळं ऐकू येतं. नको वाटलं तर तसाच खाली जाऊन दुसरी खोली मागतो. चादर विस्कटलेली नसते, त्यामुळे तेही सहसा कुरकुर करत नाहीत.

मला शेवटी काय मिळालं विचाराल, तर सवलतीचं कूपन. त्याच हॉटेलचं. मुदत एक वर्षाची होती, संपली.