अमेरिकन रॉक गायिका जेनिस जॉप्लिनचा 'पर्ल' तिच्या मृत्यूनंतर आला. मग तो तिचा अल्बम म्हणायचा की निर्मात्याने जुळवलेला?

तिचाच. एका शब्दात उत्तर संपलं असतं, पण 'जुळवलेला' हा शब्द नेमका माझ्या मावसभावाचा आहे आणि त्याच्याशी याच शब्दावरून माझं वीस वर्षं भांडण चालू आहे. त्यामुळे आता सगळंच ऐकून घ्या.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो मुंबईला इंजिनिअरिंगला होता, दिवाळीत सांगलीला यायचा तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा कॅसेटी जास्त असायच्या. माझा आवाज भसाडा. क्लासच्या बाईंनी आईला बोलावून "हिला हार्मोनियमवर बसवा" असं सांगून टाकलं होतं. दादाला हे कळलं तेव्हा त्याने एक साठ मिनिटांची कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ही बाई ऐक. हिला तुमच्या बाईंनी क्लासच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं." हे त्याचे उपकार आहेतच, मी नाकारत नाही.

कॅसेटच्या एका बाजूला 'पर्ल', दुसऱ्या बाजूला डीप पर्पल हा रॉक बँड. दुसरी बाजू मी क्वचितच लावली. 'पर्ल' मात्र इतकं ऐकलं की आईने एकदा सेल काढून ठेवले. शेवटचं गाणं, 'गेट इट व्हाइल यू कॅन', ऐन रंगात आलं की खटकन तुटायचं. जेनिस सत्ताविसाव्या वर्षी गेली हे दादाने सांगितलेलं होतंच. मी दोन अधिक दोन केले: गाता गाता गेली, म्हणून गाणं अर्धं राहिलं. मैत्रिणींना हे मी डोळे मोठे करून सांगायचे.

मग २००४ साली पुण्यात नोकरी लागल्यावर सीडी घेतली. चौथं गाणं संपलं आणि पाचवं असं सुरू झालं जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. गिटार, पियानो, ऑर्गन, सगळे जोरात. मी तिच्या आवाजाची वाट बघत बसले. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता गाणंच संपलं. मला वाटलं, सीडी सदोष, आवाज उमटलाच नाही. बिल घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. मालकांनी ते गाणं उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हे असंच आहे. आतला कागद वाचा की." दुकानातल्या दहा माणसांसमोर. घरी आल्यावर शेवटचं गाणं लावलं, तर तेही शेवटपर्यंत गेलं. म्हणजे जे मी अपुरं समजत होते ते पुरं होतं, आणि जे खरंच अपुरं होतं ते माझ्या कॅसेटवर नव्हतंच!

ते गाणं म्हणजे 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज'. निक ग्रॅव्हनाइट्सने लिहिलेलं. साथ वाजवून तयार होती, आता फक्त तिने गायचं बाकी होतं. ४ ऑक्टोबर १९७० ला, रविवारी, ती लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत येऊन ते गाणार होती. आलीच नाही. लँडमार्क मोटर हॉटेलच्या खोलीत ती मेलेली सापडली, कारण हेरॉइन. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, आणि गाण्याच्या नावाचा अर्थ 'ब्लूजमध्ये जिवंत गाडलेली', यावर मी काही बोलत नाही.

आता निर्माता पॉल रॉथचाइल्डपुढे काय पर्याय होते? गाणं गाळायचं. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्यायचं. तिच्या कुठल्या तरी जुन्या फितीतली किंकाळी कापून चिकटवायची. त्याने यातलं काहीच केलं नाही, गाणं आवाजाविना तसंच ठेवलं, तेही पहिल्या बाजूच्या शेवटी. मूळ तबकडीवर ते संपलं की सुई उचलायची, तबकडी उलटायची, आणि मग ती पुन्हा गायला लागते. ज्याला फक्त भरती करायची असते तो अशी जागा शोधत नाही.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ती गायलीच नाही त्यात. चौतीस मिनिटं तीस मिनिटांच्या बाजूत कशी मावणार? भरणा काढून टाकला." आणि ते काढूनही शेवट तुटलाच, हे त्याच्या गावीही नाही. वर मलाच ऐकवलं की सगळा अल्बमच कंपनीने जुळवलाय, बाई मेली म्हणून खपला.

मेली म्हणून खपला, यात खोटं काय आहे? १९७१ च्या जानेवारीत आला आणि अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातलं, गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनचं 'मी अँड बॉबी मगी' हे गाणंही पहिल्या क्रमांकावर गेलं, जे ती हयात असताना तिच्या एकाही गाण्याला जमलं नाही. पण खपणं वेगळं आणि जुळवणं वेगळं. 'पर्ल'वर वाजवणारा फुल टिल्ट बूगी हा बँड तिचा, १९७० मध्ये उभा केलेला, त्याच उन्हाळ्यात त्यांच्यासोबत ती आगगाडीने कॅनडाभर गात फिरली. 'मूव्ह ओव्हर' तिने स्वतः लिहिलेलं. 'पर्ल' हे तिचंच लाडकं नाव. आणि 'मर्सिडीज बेंझ' तर १ ऑक्टोबरला, जाण्याच्या तीन दिवस आधी, वाद्याशिवाय एका दमात गायलेलं, शेवटी स्वतःच खिदळलेली. जिथे वाद्यच नाही तिथे दादा काय जुळवणार सांगा.

जुळवणं कशाला म्हणतात ते गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत बघा. तो तिच्या सोळा दिवस आधी गेला. १९७५ मध्ये त्याच्या नावावर 'क्रॅश लँडिंग' काढला, त्यात त्याच्यासोबत वाजवणाऱ्यांना पुसून भाड्याचे वादक बसवले. ते जुळवणं.

एवढं मात्र मान्य करते की शेवटची प्रत तिने कधीच ऐकली नाही. ती गेल्यावर बाकीचं काम रॉथचाइल्ड आणि बँडने पुरं केलं, गाण्यांचा क्रमही ती गेल्यावरच ठरला. जगली असती तर काही गाणी तिने पुन्हा गायली असती, असंही होऊ शकतं. तेवढ्यापुरतं दादाचं चालू द्या. तिचा सगळ्यात चांगला अल्बम हाच का, असं कुणी विचारलं तर मी १९६८ च्या 'चीप थ्रिल्स'कडेही बोट दाखवीन, पण तुम्ही ते विचारलेलं नाही.

ऐकायचा असेल तर क्रमाने ऐका, गाणी उलटसुलट लावून नको. पाचवं तर मुळीच सोडू नका. आणि दुसऱ्याने तुमच्यासाठी निवडून दिलेल्या अल्बमवर मत बनवू नका, तो कितीही मायेने देवो. माझ्या कॅसेटच्या कव्हरवर दादाच्या सुरेख अक्षरात १ ते ९ आकडे आहेत, मधे एक ओळसुद्धा मोकळी सोडलेली नाही.

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे गाडीतून गणपतीपुळ्याला चाललो होतो. मी 'पर्ल' लावला. पाचव्याला दादाची मुलगी मागून म्हणाली, "आत्या, ही गात का नाहीये?" दादा पुढे माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "पुढचं लाव."

मी लावलं नाही.