सीजे-३बीचे बॉनेट सँडब्लास्टिंगला देण्यापूर्वी

आपल्या १९६४ च्या महिंद्रा सीजे-३बी जीपची संपूर्ण बॉडी सँडब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा करून जुना रंग काढून, पावसाळ्यापूर्वी रंग उरकण्याचा बेत वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण चिपळूणला माझ्या जीपचे मी नेमके हेच केले होते. काचा, रबर, वायरिंग काढण्याविषयी लिहीत नाही. ते आपण केलेच असेल.

मी चॅसिससोबत बॉनेट आणि मडगार्डही औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाठवले. तेथे टाक्या आणि जाड गर्डर साफ होत असत. दाब किती ठेवणार, कोणते कण वापरणार, हे मी विचारले नाही, आणि माझी सर्वांत महाग पडलेली चूक हीच. कणांच्या माऱ्याने पातळ पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. हरिकेन नावाचे इंजिन उंच असल्यामुळे या जीपचे बॉनेटही उंच आहे, त्याच्या बाजू सपाट आणि मोठ्या आहेत; त्यामुळे तो दोष तेथेच सर्वाधिक दिसतो. माझे बॉनेट बोटाने दाबले तरी डब्यासारखे वाजू लागले. डेंटरने तापवून, पाणी मारून पत्रा आवळण्याचा प्रयत्न केला, तरी शेवटी जी लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच पुन्हा भरावी लागली. शिवाय त्या कारखान्याने उघडा पत्रा जूनच्या दमट हवेत चार दिवस तसाच ठेवला आणि तक्रार केल्यावर, ‘रंग काढायला सांगितला होता, काढून दिला,’ एवढेच उत्तर दिले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी व्यावसायिक पेंटर नाही आणि माझा अनुभव एकाच गाडीचा आहे, तरीही माझे मत ठाम आहे: चॅसिस, ॲक्सल आणि चाकांच्या रिम ब्लास्टिंगला द्याव्यात, सपाट पत्रा मात्र रिमूव्हर (रंग सैल करणारे रसायन) आणि खरवडण्याच्या पट्टीनेच सोलावा. रिमूव्हर जाड थरात लावून वर प्लास्टिक अंथरावे, म्हणजे तो लवकर सुकत नाही. पत्र्याच्या दुमडींत तो जाऊ देऊ नये. आत राहिलेला रिमूव्हर पुढे झिरपतो आणि नवा रंग उचलतो. तेथे पॉलिशपेपरच बरा. मिथिलीन क्लोराईड असलेला रिमूव्हर बंद गॅरेजमध्ये कधीही वापरू नये. त्याच्या वाफा जीवघेण्या असतात आणि धुळीचा मास्क त्या अडवत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये आणि मुलांना दूर ठेवावे. पत्रा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा संरक्षक थर) मारावा. कोकणात तर रात्र उलटण्याचीही वाट पाहू नये.

खालच्या थरात सैन्याचा ऑलिव्ह हिरवा रंग सापडला, तर तोच पुन्हा देण्याचा मोह होईल. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. दुसरा कोणताही रंग दिलात, तरी आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी.

बॉनेट अद्याप पाठवले नसेल, तर आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यावर रिमूव्हर लावून खाली किती थर आहेत ते आधी पाहा. माझ्या बॉनेटवर पाच थर होते.