पट्टा दिसला, आता मूळ बघ

प्रिय मुली,

तुझा फोटो पाहिला. बशीत एका बाजूला फ्युजेरियम ही पिकांना रोग लावणारी बुरशी, दुसऱ्या बाजूला तू मातीतून वेगळा केलेला जिवाणू, आणि मध्ये बुरशीला ओलांडता न आलेला स्वच्छ पट्टा. त्या रात्री तुला झोप लागली नसेल. माझ्या पहिल्या पट्ट्यानंतर मलाही लागली नव्हती. म्हणूनच लगेच लिहायला बसले. पुढे माझं जवळजवळ वर्ष वाया गेलं, तसं तुझं जाऊ नये.

मी सगळे जिवाणू पट्ट्याच्या रुंदीप्रमाणे लावले आणि पहिला आलेला कुंड्यांत नेला. रोपं कोलमडली. जिवाणू न घातलेल्या कुंड्यांत जेवढी, तेवढीच. कारण उशिरा कळलं. बशीत अन्न आयतं असतं, पोट भरलेला जिवाणू तिथे प्रतिजैविकं सढळपणे बनवतो. मातीत तो बहुतेक वेळ उपाशी असतो. खायला मिळतात त्या मुळांतून झिरपणाऱ्या शर्करा आणि आम्लं, आणि त्यांच्यासाठी तिथे झुंबड असते. मुळाभोवतीच्या या पातळ थराला लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली ‘ऱ्हायझोस्फिअर’ म्हटलं. तुझ्या जिवाणूची परीक्षा तिथे आहे. वाढत्या मुळासोबत तो खाली सरकतो का, की बियाजवळच बसून राहतो?

हे मोजता येतं. रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक सहन करणारा त्याचाच वाण निवडून घे, मात्र तो मूळ वाणाइतक्याच वेगाने वाढतो ना, हे आधी तपास. बियांना लाव, पेर. दोन-तीन आठवड्यांनी मूळ उपटून वरचा, मधला आणि टोकाचा तुकडा वेगवेगळा घुसळ आणि रिफॅम्पिसिन घातलेल्या माध्यमावर पसर. टोकाच्या तुकड्यातून वसाहती आल्या तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

संख्या किती हवी, याचा सुंदर धडा गव्हाने दिला आहे. एकाच शेतात गहू सलग घेत राहिलं की टेक-ऑल ही मूळकूज काही वर्षं वाढत जाते आणि मग, गहू चालू असतानाच, ओसरते. अशा अनेक शेतांत मुळांवर स्यूडोमोनास या जिवाणूचे असे वाण सापडले, जे डायॲसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल हे बुरशीरोधक रसायन बनवतात, आणि तेही दर ग्रॅम मुळामागे एक लाखाच्या वर. ती माती ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास ओलसर तापवली की तिचा गुण जातो. न तापवलेली थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली की गुण तिकडे येतो. मला हा प्रयोग आजही थक्क करतो. मातीने रोग आवरायचं काम आधीच केलेलं असतं, आपण ते फक्त ओळखायचं.

प्रत्येक पट्टा प्रतिजैविकामुळेच पडतो असं नाही. काही जिवाणू लोह पकडणारे रेणू सोडून बुरशीला उपाशी ठेवतात. हे पाहायचं असेल तर माध्यमात जास्तीचं लोह घाल. पट्टा नाहीसा झाला, तर तो बहुधा लोहाच्या ओढाताणीतून आलेला होता. पट्टा न पाडणारे जिवाणूही टाकून देऊ नकोस. काही जण बुरशीला शिवतही नाहीत, पण मुळावर असताना अख्ख्या रोपाची प्रतिकारशक्ती जागी करतात. त्यासाठी जिवाणू मुळाला आणि बुरशी पानाला दे, म्हणजे दोघांची गाठच पडणार नाही. तरीही पान कमी सडलं, तर रोपाने स्वतः लढा दिला असं समज.

निवडताना बॅसिलस या जिवाणूकडेही लक्ष दे. स्यूडोमोनास मुळावर झपाट्याने पसरतो, पण सुकवला की बहुधा मरतो. बॅसिलस बीजाणू करतो, म्हणून पुडीत महिनोन्‌महिने टिकतो. नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवलास तर बीजाणूवालेच उरतील. ट्रायकोडर्माला यांच्यात धरू नकोस, ती स्वतः बुरशी आहे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. जिवाणू ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाला, वाढतो का, हे आजच बघ आणि वाढला तर ओळख पक्की होईपर्यंत कुंड्यांकडे नेऊ नकोस. बॅसिलससारखे निरुपद्रवीही त्या तापमानाला वाढतात, पण स्यूडोमोनास एरुजिनोसाही वाढतो. तो मुळांवर छान राहतो आणि आजारी माणसाच्या फुप्फुसातही. बर्कहोल्डेरिया सिपेशिया हा जिवाणू पिकांसाठी गुणी होता, पण सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना त्याचा जीवघेणा संसर्ग होतो. कुठलंही पीक एवढ्या किमतीचं नाही.

कुंड्या चार प्रकारच्या लाव: नुसती माती, नुसता जिवाणू, नुसती बुरशी आणि दोन्ही. ‘नुसता जिवाणू’ गाळावासा वाटेल, गाळू नकोस. काही जिवाणू बुरशी आवरताना रोपालाही खुजं करतात, आणि ते तिथेच दिसतं. पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा चारही कुंड्यांची रोपं मुळासकट धुऊन एका कागदावर शेजारी शेजारी ठेव.

तुझ्या बाई