तुझ्या चित्रांच्या वहीबद्दल

प्रिय बेटा,
प्रभूच्या नावात सलाम.

अमळनेरहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. दुकानातून घरी आल्यावर चित्रांची वही उघडतेस आणि लगेच मन खायला लागतं, की हा वेळ प्रार्थनेला दिला असता तर? मंडळीच्या फलकावर नाताळचा तारा रंगवताना मात्र तसं वाटलं नाही. म्हणजे चित्र चर्चच्या भिंतीवर लागलं तरच ते देवाचं, असं तू धरून बसलीस. मला हे मुळीच पटत नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढ. एदेन बागेतली झाडं दिसायला मनोहर होती, हे तिथे आधी सांगितलंय. खायला चांगली, हे नंतर. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, ते सोनं-रुपं घडवायला आणि लाकूड कोरायला. तू म्हणशील, ते देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, निवासमंडपासाठी होतं. बरोबर आहे. मग प्रेषितांच्या कृत्यांतली यापो गावची दुर्कस घे. ती गेल्यावर विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिच्या तोंडचं एक वाक्यही शास्त्रात नाही, तिची शिवण मात्र आहे.

वेळ नाही म्हणतेस. बहिणाबाई चौधरींना तरी कुठे होता? आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात राबता राबता, जात्यावर बसून ओव्या रचल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यावर. ऐकायला कोण आहे, याची वाट त्यांनी पाहिली नाही.

आणि आनंदाची लाज वाटू देऊ नकोस. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या वहिनी खापरावरचे मांडे करतात, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसते. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून त्या दोन्ही हातांवर घेतात आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवतात. कडा इतकी पातळ होते की बोटं दिसावीत. मग उपड्या खापरावर अलगद टाकतात. पोटासाठी भाकरी पुरली असती. पण मांडा न फाटता पडला की त्यांचा चेहरा बघावा! ती हौस देवानेच माणसात घातली आहे, असं मी मनापासून मानते.

तेव्हा काढत राहा. तापीकाठची केळीची बाग काढ, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे हात काढ. बायबलचं वचन लिहिल्याशिवाय चित्र ख्रिस्ती होत नाही, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. प्रत्येक चित्राचा फोटो मात्र लगेच स्टेटसला टाकू नकोस; काही दिवस ते तुझं आणि प्रभूचंच राहू दे. एखादं शेजारच्या आजारी आजींच्या उशाशी लावून ये.

नाताळला धुळ्याला येशील तेव्हा वही आण. अर्धवट पानंसुद्धा बघायची आहेत मला.

तुझी,
मावशी