प्रवास-शंका: दिल्ली ते टोकियो, इकॉनॉमीतून

प्रश्न : लेकीकडे टोकियोला निघालोय. दोघंही शाकाहारी, यांचे गुडघे दुखतात. जपान एअरलाइन्सच्या इकॉनॉमीत निभेल ना?

उत्तर : निभेल की! त्यांच्या बोइंग ७८७ विमानात रांगेची मांडणी २-४-२ आहे. खिडकीकडच्या दोन सीट घ्या, म्हणजे तिसऱ्याला ओलांडणं नको. काकांना मधल्या वाटेकडची द्या, पाय मोकळे करायला उठता येतं.

जेवणाचं मात्र बुकिंग करतानाच सांगा, हिंदू शाकाहारी किंवा जैन. विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. आणि मिसो सूप आलं तर नको म्हणा; त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. ग्रीन टी बिनधास्त प्या, दूध-साखरेशिवाय प्यायची तयारी असेल तर!

लेकीसाठी चिवडा न्या, हापूस नको. विमानतळावर काढून घेतील.