परसबाग: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

अंगणात 10 बाय 12 फुटांचं हरळीचं लॉन आहे. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं. गेल्या वर्षी युरिया टाकला, रोज सायंकाळी पाणी दिलं, तर मध्येच काळपट चट्टे पडले. – एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चट्टे पडले ते त्या पाण्यानं आणि युरियानंच. हरळी उन्हाळी गवत. रात्रीचा पारा 10 अंशांकडे उतरू लागला की तिची वाढ थांबते, पात पिवळी होते. मुळं मात्र जिवंत असतात. युरियानं फुटलेली कोवळी पात थंडीत टिकत नाही, त्यात सायंकाळचं पाणी रात्रभर पातीवर राहतं आणि बुरशीचं फावतं. आपली काळी माती तर आधीच पाणी सोडत नाही.

खरं काम ऑक्टोबरात, गवत वाढतं आहे तोवर. माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिकट नाही, की लोखंडी काट्यानं 6-6 इंचांवर 4 इंच खोल भोकं पाडा. चिखलात पाडाल तर भोकांच्या कडा लिंपल्या जातात, पाणी मुरतच नाही. मग चाळलेलं कुजकं शेणखत आणि जाड रेती निम्मी-निम्मी, पाव इंच थर. तुमच्या जागेला अडीच घनफूट, म्हणजे साधारण पाच घमेली लागतील. पातीची टोकं वर दिसलीच पाहिजेत. म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत) 100 ग्रॅम रेतीत मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पात करपते.

पुढे कापणी 2 इंचांखाली नको. पाणी सकाळीच, तेही 3 इंच खालची माती मुठीत दाबून लाडू वळत नसेल तरच. शंका आली तर एक धावतं खोड नखानं खरवडा: आत पांढरट-हिरवं आणि टणक असेल तर निश्चिंत राहा.

गुलाबाच्या आळ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरलं, तर उधई (वाळवी) लागली.

कोरडं कुटार खोडाला भिडलं होतं का? 2 इंचांचाच थर द्या, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. खाली कच्चं शेण असेल तर आधी तेच काढा. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही, त्यातूनच येते.

सांबार (कोथिंबीर) उगवतच नाही.

धणा चपलेखाली हलकेच रगडून दोन डाळ्या करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. 12 तास भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. पीठ झालेले दाणे फेकून द्या.